कोकण मराठी साहित्य परिषद

कोकण मराठी साहित्य परिषद (संक्षेपाने ‘कोमसाप’) : कोकणातील लेखक-कवींची प्रादेशिक संस्था. १९९० साली रत्नागिरीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने ती १९९१ मध्ये स्थापन झाली. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) उभ्या राहिल्यानंतरही कोकणाला स्वतःची साहित्यसंस्था नव्हती, आणि मुंबई-पुण्याकडे पाहत राहण्याची तेथील लेखकांची सवय मोडणे हेच या संस्थेचे खरे काम ठरले. साहित्यसंस्थांची शिखर संस्था असलेल्या मराठी साहित्य महामंडळाशी तिचे नाते काय असावे, याविषयी मतभिन्नता आहे.

केशवसुत स्मारक : परिषदेचे सर्वांत ठळक कार्य. कवी केशवसुतांच्या (१८६६–१९०५) जन्मगावी, गणपतीपुळ्याजवळील मालगुंड येथे उभारलेल्या या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कवीचे जन्मघर तेथे जतन केले असून आवारात त्यांच्या कविता शिलाखंडांवर कोरल्या आहेत, त्यामुळे एरवी समुद्र आणि देवदर्शनासाठी आलेला पर्यटकही चार ओळी वाचूनच बाहेर पडतो. परिषदेच्या नियतकालिकाचे ‘झपूर्झा’ हे नावही केशवसुतांच्याच कवितेचे आहे.

संमेलने : जिल्हा व तालुका शाखा ही परिषदेची मुख्य यंत्रणा होय. शाखांच्या संमेलनांत ग्रंथदिंडी (पालखीत ग्रंथ ठेवून गावातून काढलेली मिरवणूक), परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन असा क्रम रूढ आहे. नवोदिताला आपली कविता प्रथमच माइकवरून म्हणण्याची संधी बहुधा याच कविसंमेलनात मिळते, आणि मालवणी, आगरी यांसारख्या बोलींत लिहिणाऱ्यांना त्याचे मोल अधिक आहे. अध्यक्षीय भाषणांपेक्षा हा भाग महत्त्वाचा मानावयास हवा.

पुरस्कार : कोकणातील लेखकांच्या ग्रंथांना वाङ्मयीन पुरस्कार दिले जातात.

रायगड जिल्हा : खोपोलीत राहून ‘पाणकळा’सारखी कृषिजीवनावरील कादंबरी लिहिणारे र. वा. दिघे आणि नाते येथे जन्मलेले, ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद करणारे चिं. द्वा. देशमुख हे या जिल्ह्याशी संबंधित लेखक परिषदेच्या स्थापनेपूर्वी, अशा संस्थेच्या आधाराविना लिहिते झाले. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांचे बालपण तेथे गेले, तरी त्यांचे लेखनकार्य गावाबाहेर घडले : १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक वर्ध्याहून सुरू केले, तर ‘गीता प्रवचने’ १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिली गेली. ती शब्दबद्ध करणारे साने गुरुजीही कोकणातले, दापोली तालुक्यातील पालगडचे होते.