मेदऊतीतील संप्रेरकांवर इन्सुलिनचा परिणाम

मानवी मेदऊती चरबी साठवते, तसेच संप्रेरकेही स्रवते. लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन ही त्यांतील दोन प्रमुख संप्रेरके होत. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला.

स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन मेदपेशींतील लेप्टिनची निर्मिती वाढवते. हा परिणाम संथ असतो. जेवणानंतर इन्सुलिन काही मिनिटांत वाढते, लेप्टिन वाढण्यास मात्र कित्येक तास लागतात. त्यामुळे जेवताक्षणी वाटणारी तृप्ती लेप्टिनमुळे येते, हा समज बरोबर नाही. उपवासात इन्सुलिन उतरते आणि चरबी फारशी घटण्यापूर्वीच लेप्टिनही झपाट्याने कमी होते. मेंदूच्या दृष्टीने हा उपासमारीचा इशारा असतो. आहार एकदम तोडणाऱ्यांना भूक अनावर होते, त्याचे हे एक कारण.

ॲडिपोनेक्टिन रक्तात लेप्टिनच्या सुमारे हजारपट असते आणि ऊतींची इन्सुलिनविषयीची संवेदनशीलता वाढवते. प्रयोगात काही तास शिरेतून इन्सुलिन दिल्यास त्याची पातळी थोडी उतरते. स्थूलतेत व टाइप-२ मधुमेहातही ते कमी असते. मात्र इन्सुलिनचा ग्राहीच जन्मतः सदोष असलेल्या रुग्णांत ते जास्त आढळते.

स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुबलक असूनही मेंदू त्यास पुरेशी दाद देत नाही. म्हणून वजन घटवण्यासाठी लेप्टिनची इंजेक्शने फारशी उपयोगी पडली नाहीत. मेदऊती अत्यल्प असलेल्या लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांत मात्र त्यांनी रक्तशर्करा व इन्सुलिनरोध कमी होतो. अशा रुग्णांसाठी मेट्रेलेप्टिन या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.