थंड छटा आणि खायचा सोडा

मे महिन्यात जळगावात ‘थंड’ हा शब्द नुसता उच्चारला तरी घशाला कोरड पडते. अशा गावात आमच्या मामांना थंड छटेचे फोटो छापायचा नाद होता. थंड म्हणजे निळसर काळे. फोटोला तपकिरी झाक आली, की मामा म्हणायचे, “हा फोटो नाही, चहाचा डाग आहे.”

तसा हा नाद आमच्या भागाला जुनाच. 1844 साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी साहेबाला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. त्या नकला विलायतेला गेल्या आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पण मधल्या काळात साहेब कॅमेराही शिकला होता. त्याचे फोटो 1864 साली पुस्तकरूपाने आले आणि उरले. साहेब स्वतः आमच्या भुसावळच्या कबरस्तानात विसावला आहे. त्या काळी काच ओली असतानाच हिराकशीच्या पाण्याने तिच्यावर चित्र उठवावं लागे. अजिंठ्याच्या उन्हात काच किती वेळ ओली राहणार, ते खानदेशी माणसाला सांगायला नको!

1891 साली मेटॉल निघालं आणि घरोघरच्या रसायनशास्त्रज्ञांचं फावलं. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चित्र उठवतात, सल्फाइट त्यांना खराब होऊ देत नाही, सोडा त्यांना जोर देतो आणि ब्रोमाइड लगाम घालतो. आमच्या बँकेच्या भाषेत, ब्रोमाइड म्हणजे ऑडिटर. तो नसला तर सगळंच काळं होतं आणि फार झाला तर कामाचा रंग उतरतो. म्हणून थंड छटेला ब्रोमाइड अगदी बेताचं घालायचं आणि त्याच्या जोडीला बेन्झोट्रायझोलची चिमूट. शिवाय डेव्हलपर ताजं हवं, कारण छापताना कागदातलं ब्रोमाइडही त्यात उतरत जातं.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू केला, तेव्हा रसायनं कालवायला, फिल्मला भोकं पाडायला आणि वर युनिटचं जेवण रांधायला सरस्वतीबाई होत्या. मामी हे ऐकून म्हणाल्या होत्या, “म्हणजे नाद ह्यांचा आणि राबायचं आम्ही. तेव्हापासूनच का?”

1992 च्या मे महिन्यात आजी गेली. मामांची आई. तिचा एकच धड फोटो, तोही मामांनीच काढलेला. तेराव्याला तो भिंतीवर हवा होता. डब्यात कागद उरले होते चार. डेव्हलपर करायला बसले तर सोडा संपलेला. मामा म्हणाले, “पळ, सोडा घेऊन ये.” मी पळालो आणि किराणा दुकानातून सोडा आणला.

मामांनी कोमट पाण्यात आधी मेटॉल विरघळवलं, कारण सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळायला रुसतं. मग बाकीचं क्रमाने. बर्फाच्या घमेल्यात ट्रे ठेवून पाणी वीस अंशांवर आणलं. लाल दिव्याखाली कागद बुडवला. आम्ही वाट पाहतोय, आजी काही येईना. बऱ्याच वेळाने उमटली ती धुक्यातून आल्यासारखी. दुसऱ्या कागदाचंही तेच. मामांनी पुडी हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली. मी खायचा सोडा आणला होता!

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मामा नुसतेच स्टुलावर बसले. “दोनच कागद उरले रे,” एवढंच म्हणाले. त्या लाल उजेडात मामांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात दाराबाहेरून मामी म्हणाल्या, “धुण्याचा सोडा माझ्या मोरीत आहे. चालेल का?” चालला. तो खड्यांचा होता. खड्यात पाणीच फार, म्हणून वजन दुपटीहून जास्त धरलं. तिसऱ्या कागदावर आजी आली. आधी कुंकू, मग डोळे, मग नऊवारीचा काठ. निळसर काळी, स्वच्छ, थंड.

चौथा कागद मामांनी छापलाच नाही. फोटो अजून मामांच्या भिंतीवर आहे आणि त्याला चहाचा डाग पडलेला नाही. मी मात्र अजूनही दुकानात ‘सोडा’ म्हटलं, की आधी विचारून घेतो, “कुठला?”