दुर्बिणीद्वारे आतड्याची शस्त्रक्रिया व शरीराचे तापमान

पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या अंतर्भागाचे, म्हणजे गाभ्याचे, तापमान उतरू शकते. ते ३६° से.च्या खाली गेल्यास त्यास अल्पतापावस्था म्हणतात. पोट उघडलेले नसल्याने उष्णता टिकते, हा समज अपुरा आहे. सार्वदेहिक भूल दिल्यावर त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वाहते आणि पहिल्या तासातच तापमान साधारणतः १ ते १.५° से. घटते, छेदाच्या लांबीशी याचा संबंध नसतो. शिवाय आतडे नीट दिसावे म्हणून पोटात भरलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू कोरडा असल्याने आतील ओलाव्याचे बाष्प होऊन आणखी उष्णता खर्च होते.

व्हिएन्ना येथील कुर्झ, सेस्लर व लेनहार्ट यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांच्या २०० रुग्णांवरील अभ्यासात, उबदार ठेवलेल्यांत जखमेचा जंतुसंसर्ग ६ टक्के, तर इतरांत १९ टक्के नोंदविला. त्या शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढून या पद्धतीचा पाया घातला. अशा शस्त्रक्रियेसाठी बालाघाट डोंगररांगेतील येडशीसारख्या गावाहून भर उन्हाळ्यात आलेला रुग्णही वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात गारठू शकतो. म्हणून भुलेपूर्वीच उष्ण हवेचे पांघरूण घालणे, शिरेतून द्यायचे द्रव कोमट करणे आणि अन्ननलिकेतील तापमापकाने सतत नोंद घेणे हितावह ठरते.