जुन्या पिकअपचा पॉवर स्टिअरिंग पंप बदलताना

आमच्या घरातली पिकअप भाईंच्या नावावर आहे. चालवतात भाई आणि पुतण्या, हिशेबाची वही मात्र आमच्याकडे. त्या वहीत दोन वर्षांपूर्वीच्या आंब्याच्या हंगामात पॉवर स्टिअरिंगचा पंप दोनदा लिहिलेला आहे. एकदा एप्रिलच्या सुरुवातीला आणि पुन्हा मे महिन्यात. मधल्या दिवसांत वाशीच्या दोन फेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्याच. हंगाम दोन महिन्यांचा, त्यावर वर्षभराची शाळेची फी आणि बँकेचे हप्ते. नवीन पंपच खराब निघाला, असे तेव्हा सगळे म्हणाले. नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी सगळे उघडून दाखवले तेव्हा कळले की पंपात काही खोट नव्हती. तो निवडताना आणि बसवताना आमच्याकडूनच घाई झाली होती. ज्यांच्या घरी बोलेरो पिकअप, टाटा 207 किंवा तशीच दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

पंपाचे काम आधी थोडक्यात. इंजिन फिरते, बेल्ट पंपाची पुली फिरवतो (काही डिझेल इंजिनांत बेल्टऐवजी गिअर असतो). पंपाच्या आत एक चकती असते, तिच्या खाचांत पातळ पात्या सरकतात आणि ऑइल दाबाने पुढे ढकलतात. हलक्या गाड्यांत हा दाब साधारण 70 ते 100 बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. हे दाबाचे ऑइल स्टिअरिंगच्या गिअरबॉक्समध्ये किंवा रॅकमध्ये जाऊन चाके वळवायला मदत करते आणि परतीच्या पाइपने ऑइलच्या डबीत येते. पंप बंद पडला तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा लोखंडी जोड कायम असतो, त्यामुळे गाडी वळते. पण माल भरलेल्या गाडीत ते इतके जड होते की कशेडी किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर हातात ताकद उरत नाही. काही इंजिनांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही असतो. तिथे स्टिअरिंग पंप जाम होऊन बेल्ट तुटला, तर इंजिन तापायला वेळ लागत नाही. म्हणून "थोडे दिवस असेच चालवू" हे आम्ही आता म्हणत नाही.

दोष खरेच पंपाचा आहे का

आमची पहिली चूक इथे झाली. स्टिअरिंग जड झाले म्हणजे पंप गेला, असे धरून चाललो. खरे तर सगळ्यांत आधी पुढच्या टायरची हवा बघायची. मग बेल्ट. सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला बेल्ट वळणावर घसरतो आणि चिरकतो. पंपाचा आवाज वेगळा असतो. तो कण्हल्यासारखा लांब येतो आणि स्टिअरिंग फिरवताना वाढतो. त्यानंतर पुढची बाजू जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून चाके वळवून पाहा. तरीही जड लागली तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडकडे लक्ष द्या. तिथे ग्रीस संपले असेल तर नवा पंप घालून काही उपयोग नाही. एकाच बाजूला जड आणि दुसरीकडे हलके असेल, तर संशय बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या वाल्ववर जातो. आयडलवर जड आणि रेस दिली की हलके, असे असेल तर बेल्ट ठीक आहे याची खात्री करून मग पंपाचे नाव घ्यावे.

डबीचे झाकण उघडून ऑइलही बघा. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जाते, आणि ती बहुतेक डबीपासून पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या सैल क्लिपमधून. दहा-वीस रुपयांच्या क्लिपसाठी पंप बदललेले लोक आम्हाला माहीत आहेत. ऑइल काळे असेल किंवा बोटावर चमकणारी बारीक कणी दिसली, तर आत झीज झालेली आहे. ज्या गॅरेजमध्ये दाब मोजायचे गेज आहे तिथे पाच मिनिटांत खरे-खोटे होते. फक्त गेजचा कॉक पाच सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायचा नाही, नाहीतर चांगला पंपही तिथेच बिघडतो.

गाडीचे नाव सांगून पंप मागू नका

दुकानात जाऊन "बोलेरो पिकअपचा पंप द्या" म्हटले की तो जो देईल तो आपला. पण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुवर्षे वेगवेगळी इंजिने आली. बोलेरो पिकअपमध्ये साधे डीआय इंजिन आले आणि नंतर एमटूडीआयसीआरही. त्यात देशभर 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले. अशा बदलांत इंजिनापुढची बांधणी आणि बेल्टचा मार्ग बदललेला असू शकतो. म्हणून आरसीवरून इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि गाडीचे वर्ष लिहून न्या. जुन्या पंपावर पार्ट नंबर कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. चिखल पुसून त्याचा मोबाइलवर फोटो काढा. सगळ्यांत उत्तम म्हणजे जुना पंपच काढून सोबत न्या आणि काउंटरवर नव्याशेजारी ठेवा.

शेजारी ठेवल्यावर काय जुळवायचे? बोल्टची भोके तर कोणीही बघतो. पुलीचा व्यास बघा. ती लहान-मोठी असली तर पंप कमी-जास्त वेगाने फिरेल. बेल्ट व्ही आकाराचा आहे की धाऱ्यांचा, आणि धारा किती, हे मोजा. पंप कोणत्या दिशेने फिरतो ते बघा, कारण उलट्या दिशेचा पंप दिसायला अगदी सारखा असू शकतो. दाबाच्या पाइपचे आटे आणि त्याची बैठक जुळते का? तिथे ओ-रिंग लागते की तांब्याचा वॉशर? डबी पंपावरच आहे की वेगळी? हे सगळे जुळले तरी एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही, ती म्हणजे दाबाची मर्यादा. ती पंपाच्या आतल्या वाल्ववर ठरते. दुसऱ्या गाडीचा पंप "बसतो" म्हणून बसवला आणि त्याचा दाब जास्त असला, तर गिअरबॉक्सची सीले फुटतात. कमी असला तर माल भरल्यावर जीव काढतो. म्हणून शेवटी पार्ट नंबर हाच पुरावा.

साध्या स्टिअरिंगच्या गाडीला नुसता पंप लावून पॉवर स्टिअरिंग होते का, असेही आम्हाला विचारले जाते. होत नाही. गिअरबॉक्स, पाइप, पुली, ब्रॅकेट सगळेच बदलावे लागते.

नवीन, दुरुस्त केलेला की जुन्या बाजारातला

पंप नुसता गळत असेल आणि दाब चांगला असेल, तर सील किट काहीशे रुपयांत येते आणि जाणता मिस्त्री ती नीट बदलतो. मात्र शाफ्ट हलत असेल किंवा पात्यांची जागा खरवडली असेल, तर किट घालणे म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया. जुन्या बाजारातला पंप स्वस्त मिळतो, पण तो किती चालला आणि कोणत्या ऑइलवर चालला ते कोणी सांगू शकत नाही. रोज घाट चढणाऱ्या गाडीत आम्ही तो घालणार नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचे वेगळे.

नव्यात कंपनीच्या डब्यातला पंप असतो किंवा स्टिअरिंगचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा स्वतःच्या नावाचा. भारतात राणे टीआरडब्ल्यू, म्हणजे आताची झेडएफ राणे, हे या कामातले जुने नाव आहे. डब्याच्या छपाईवर जाऊ नका, नकली डबेही सुरेख छापलेले असतात. पक्के बिल घ्या. त्यावर पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. बहुतेक सुट्या भागांवर पूर्वी 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे. जुना दर लावलेला नाही ना, एवढे बिलावर वाचा. "बिलाशिवाय घ्या, शंभर-दोनशे कमी करतो" म्हणणाऱ्याकडून वॉरंटी कशी मागणार?

बसवताना

आमचा पहिला नवा पंप इथे मेला. जुना पंप झिजताना त्याची बारीक कणी डबीत, पाइपांत आणि गिअरबॉक्समध्ये पसरलेली असते. गॅरेजवाल्याने जुने ऑइल डबीपुरते काढले आणि वरून नवे ओतले. ती कणी फिरून नव्या पंपात गेली. महिनाभरात पुन्हा तोच आवाज.

त्यामुळे परतीचा पाइप डबीपासून सोडून बाटलीत घ्यायचा, डबीचे तोंड बंद करायचे आणि नवे ऑइल ओतत, चाके उचललेली ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवत राहायचे. स्वच्छ ऑइल येईपर्यंत. डबीच्या आत बहुधा जाळी असते. ती साफ होत नसेल तर डबीच बदला. ऑइल कोणते, ते गाडीच्या पुस्तकात किंवा झाकणावर लिहिलेले असते. बऱ्याच पिकअपमध्ये लाल रंगाचे एटीएफ चालते. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, त्याने रबराची सीले फुगून जातात. दाबून बसवायची पुली असेल तर ती पुलरने काढायची आणि त्याच्याच जोड हत्याराने बसवायची. हातोडा मारला की धक्का थेट आतल्या चकतीला बसतो.

शेवटी हवा काढणे. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा, ऑइल कमी झाले की भरा. मग इंजिन आयडलवर ठेवून तेच पुन्हा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. ही सवय पुतण्याला लावायला आम्हाला बराच वेळ लागला. अरुंद गल्लीत गाडी वळवताना मुले स्टिअरिंग टोकाला दाबून धरतात आणि पंप बिचारा पूर्ण दाबावर कण्हत राहतो.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि स्टिअरिंग त्यात तपासले जाते. पंपाचे काम त्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. नव्या पंपावर दोनेकशे किलोमीटर झाले की बेल्टचा ताण आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा. नवा बेल्ट घातला असेल तर तो थोडा सैल झालेला सापडेलच.