जुनी गाणी, नवा ठेका

१९७०च्या दशकात इटलीत तिकीट काढून गाणं ऐकणं हाच भांडणाचा विषय झाला होता. संगीत लोकांचं आहे, मग त्याचे पैसे कसले, असं म्हणत तरुणांच्या टोळ्या दारं तोडून आत घुसत आणि पोलीस अश्रुधूर सोडत. १९७६च्या एप्रिलमध्ये मिलानला फ्रांचेस्को दे ग्रेगोरी या गायकाला काही जणांनी रंगमंचावरच घेरलं आणि त्याची उलटतपासणी घेतली: पैसे किती मिळवतोस, चळवळीला काय देतोस? पुढच्याच वर्षी त्याच शहरात सांताना या अमेरिकी बँडच्या कार्यक्रमात मंचावर पेट्रोल बॉम्ब पडला. परदेशी बँडनी इटलीचं नावच टाकलं.

अशा दिवसांत, डिसेंबर १९७८मध्ये, फाब्रित्सिओ दे आंद्रे आणि ‘प्रेमिआता फोर्नेरिआ मार्कोनी’ हा रॉक बँड एकत्र दौऱ्यावर निघाले. जानेवारी १९७९मध्ये फ्लॉरेन्स आणि बोलोन्याला झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण रिकॉर्दी कंपनीने दोन तबकड्यांत काढलं, पहिली १९७९ साली आणि दुसरी १९८०मध्ये. गाणी जुनीच होती. शब्द तेच, चाली बहुतेक त्याच. बदललं ते भोवतालचं संगीत. आणि तेवढ्याने त्या गाण्यांचं पुढचं सगळं आयुष्य बदललं, असं मला ठामपणे वाटतं.

दे आंद्रे जेनोवाचा, जन्म १९४०चा. वडील मोठे उद्योगपती. मुलाने कायद्याचा अभ्यास पदवीच्या तोंडाशी सोडला आणि बंदरामागच्या गल्ल्यांतल्या वेश्या, चोर, लढाईत मेलेले शिपाई यांच्यावर गाणी लिहिली. स्वतः लिहायचं, स्वतः गिटार घेऊन गायचं. आवाज खोल, शांत, शब्द न् शब्द कानात पडणारा. मात्र लोकांसमोर गायची त्याला विलक्षण धास्ती होती. तबकड्या घरोघरी पोचून वर्षं लोटली, तरी गडी मंचावर येईना. अखेर १९७५ साली तोस्कानाच्या किनाऱ्यावरच्या ‘ला बुस्सोला’ या क्लबमध्ये तो पहिल्यांदा रीतसर कार्यक्रमाला उभा राहिला.

बँडचं नाव ब्रेशाजवळच्या किआरी गावातल्या एका बेकरीवरून घेतलेलं. लोक नुसतं पीएफएम म्हणतात. १९७८पर्यंत त्यांचं नाव इटलीबाहेर गेलेलं होतं. इंग्रजीतून तबकड्या निघाल्या होत्या, अमेरिकेचे दौरे झाले होते. पण त्याआधी हीच मंडळी ‘ई क्वेल्ली’ या नावाने मिलानच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करून पोट भरत. १९७०मध्ये दे आंद्रेची ‘ला बुओना नोव्हेल्ला’ आली. येशूची कथा मारिया, सुतार आणि क्रुसावरचा चोर यांच्या बाजूने सांगणारी ती गाणी. त्यात वाजवणारे हेच होते: ड्रमवर फ्रांत्स दी चोच्चो, गिटारवर फ्रांको मुस्सिदा, कीबोर्डवर फ्लाविओ प्रेमोली. तेव्हा संगीत संयोजन जान पिएरो रेव्हेर्बेरीचं होतं. यांनी समोर ठेवलेले कागद बघून वाजवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

या माहितीपाशी मी नेहमी थांबतो. १९७८-७९च्या दौऱ्यात त्याच तबकडीतली दोन गाणी पुन्हा आली. एकात मारिया सुताराच्या दुकानात जाऊन विचारते, तू काय घडवतोयस, आणि उत्तर मिळतं, क्रूस. दुसऱ्यात क्रुसावरचा चोर तीतो दहा आज्ञा एकेक करून तपासतो. ज्यांनी तरुणपणी ही गाणी सांगितल्याबरहुकूम वाजवली, त्यांच्याच हातात आता ती सोपवली गेली. ही मंडळी त्या शब्दांशी ओळख करून घ्यायला आलेली नव्हती, ओळख केव्हाचीच झालेली होती.

एकत्र दौऱ्याची कल्पना निघाली १९७८च्या उन्हाळ्यात, सार्डिनियात. दे आंद्रे तेव्हा तेंपिओ पाउसानिआजवळ शेती करत होता, गुरं पाळत होता. दी चोच्चोने विषय काढला. समोर उदाहरण होतं बॉब डिलन आणि ‘द बँड’ यांच्या १९७४च्या दौऱ्याचं. दे आंद्रेच्या आसपासच्यांनी त्याला परोपरीने सांगितलं की हे करू नकोस, रॉकच्या गदारोळात तुझे शब्द बुडतील. त्याने ऐकलं नाही.

माझी या गाण्यांशी गाठ पडली तेव्हा मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. जेनोवाला जहाज लागलं की बंदरातून चालत व्हिया देल काम्पोला जाता येतं. हा रस्ता म्हणजे दोन्हीकडे उंच इमारती आणि मधे आकाशाची पट्टी. त्या रस्त्यावरच दे आंद्रेने १९६७ साली गाणं केलं. तिथल्याच एका दुकानातून मी दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या भागाची कॅसेट घेतली. पुढे त्या रस्त्यावर दे आंद्रेचं छोटं संग्रहालय झालं आणि त्याची एस्तेव्हे गिटार तिथे काचेआड ठेवली आहे.

केबिनमध्ये हेडफोन लावून मी सर्वांत जास्त ऐकलं ते ‘आमिको फ्राजिले’. मूळ गाणं १९७५चं. पार्टीत कुणी मनातलं ऐकूनच घेत नाही, नुसतं गा म्हणतात, म्हणून चिडलेल्या माणसाने एका रात्रीत लिहिलेलं. पीएफएमने इथे फार समजुतीने काम केलं आहे. गाणं चालू असताना वाद्यं त्याच्या शब्दांवर कुठेही चढत नाहीत. शेवटची ओळ संपते आणि मग मुस्सिदाची इलेक्ट्रिक गिटार सुरू होते, लांबच लांब. गायकाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं. उरलेला संताप गिटार बोलते. शब्द बुडतील म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

‘इल पेस्कातोरे’ची गोष्ट वेगळी. सावलीत डुलकी घेणारा म्हातारा कोळी, पळत आलेला खुनी, त्याला भाकरी आणि वाइन देणारा तो हात. १९७०मध्ये हे गाणं साधंसुधं होतं. दी चोच्चोने त्याला धावता ठेका दिला, आणि शब्दांविना असलेलं ध्रुवपद हजारो लोक एकदम उचलू लागले. लुचो फाब्रीचं व्हायोलिन ‘झिरिकिल्ताज्जा’मध्ये ऐकावं. सार्डिनियाच्या गाल्लुरा भागातल्या बोलीत दोन भाऊ वाटणीवरून कडाकडा भांडतात, आणि शब्द न कळूनही भांडण कळतं.

दौऱ्यातही निदर्शक होते, आरडाओरडा होता. पण गाणी पार पडली. त्यानंतर इटलीत थेट कार्यक्रमांचे दिवस पुन्हा हळूहळू सुधारले. त्याचं सगळं श्रेय या दौऱ्याला देणं मात्र अतिशयोक्ती होईल.

२७ ऑगस्ट १९७९ला दे आंद्रे आणि त्याची जोडीदार, गायिका दोरी गेत्सी यांचं सार्डिनियातल्या घरातून अपहरण झालं. डिसेंबरात खंडणी देऊन सुटका झाली. पुढे त्याने पहारा देणाऱ्या गरीब माणसांना माफ केलं, कट रचणाऱ्या सुखवस्तूंना नाही. त्याच्या गाण्यांत हा न्याय आधीपासूनच होता.

तबकड्यांच्या पलीकडे या दौऱ्याचं चित्रण काही उरलं नाही असंच सगळे धरून चालले होते. मग ३ जानेवारी १९७९च्या जेनोवातल्या कार्यक्रमाची व्हिडिओ टेप सापडली. पिएरो फ्रात्तारी नावाच्या गृहस्थाने ती इतकी वर्षं जपली होती, आणि वाल्तेर व्हेल्त्रोनीने त्यावर केलेला माहितीपट २०२०च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला.

पीएफएममधून आधीच बाहेर पडलेल्या माउरो पागानीला घेऊन दे आंद्रेने १९८४ साली जेनोवाच्या बोलीत ‘क्रेउझा दे मा’ केलं, तेव्हा तो पूर्ण वेगळ्या वाटेला लागला होता. तरीही जुनी गाणी गायची वेळ आली की ‘इल पेस्कातोरे’ आणि ‘बोक्का दि रोझा’ तो पीएफएमच्याच संयोजनात गायचा, थेट नव्वदच्या दशकातल्या दौऱ्यांपर्यंत. ११ जानेवारी १९९९ला तो गेला. त्याचा मुलगा क्रिस्तिआनो पुढे वडिलांची गाणी घेऊन मंचावर उभा राहिला.