कमांडच्या उत्तराचे एकपंक्तीकरण: समापक आणि विभाजक

प्रथम दोन संज्ञा निश्चित करू. यूनिक्स परंपरेत, तसेच पोझिक्स मानकात, ओळ म्हणजे शून्य वा अधिक अक्षरे आणि त्यांच्या अखेरीस येणारे नवपंक्तिचिन्ह. हे चिन्ह त्या ओळीचाच घटक असते आणि तिला संपवते. म्हणून ते समापक. दोन पदांच्या मध्ये येऊन त्यांना विलग करते ते विभाजक. स्वल्पविराम विभाजक आहे. पदे क्ष असतील तर समापक क्ष लागतात, विभाजक क्ष वजा १. एकपंक्तीकरणातले बहुतेक दोष या एका फरकातून उद्भवतात.

नाशिक जिल्ह्याचे तालुके १५. एका ओळीवर एक नाव, अकारविल्हे, इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत, अशी फाइल घ्यावी. तीत नवपंक्तिचिन्हे १५. ही नावे एकाच ओळीत स्वल्पविरामांनी जोडायची आहेत; अपेक्षित फलितात स्वल्पविराम १४ आणि शेवटी नवपंक्तिचिन्ह १.

एकपंक्तीकरणाचे मुख्य प्रकार तीन.

(१) प्रतिस्थापन. टीआर ही कमांड प्रत्येक नवपंक्तिचिन्हाच्या जागी स्वल्पविराम ठेवते. पंधराही समापकांचे विभाजक होतात. सुरगाण्यापुढे एक स्वल्पविराम लोंबतो आणि शेलचा प्रॉम्प्ट त्यालाच चिकटून उमटतो. हा स्वल्पविराम मागाहून सेड या कमांडने छाटण्याची रीत रूढ आहे, पण त्याने मूळ दोष जात नाही, केवळ झाकला जातो.

(२) अंत्यवर्जित जोडणी. पेस्ट ही कमांड मायनस एस या पर्यायासह फाइलीतले शेवटचे सोडून प्रत्येक नवपंक्तिचिन्ह बदलते. मायनस डी या पर्यायाने विभाजक सांगायचा. फलित तंतोतंत मिळते, म्हणून सामान्य कामास हाच प्रकार ग्राह्य. मात्र मायनस डीला दिलेली अक्षरे ही एक संयुक्त खूण नसून आळीपाळीने वापरायची यादी असते. स्वल्पविराम आणि मोकळी जागा अशी दोन अक्षरे दिल्यास ‘इगतपुरी,कळवण चांदवड,त्र्यंबकेश्वर दिंडोरी’ असे उत्तर येते. शिवाय फाइली अनेक दिल्या तर प्रत्येकीची स्वतंत्र ओळ होते. मॅकवर पाइपमधून वाचताना शेवटी एक हायफन द्यावा लागतो.

(३) पूर्वयोजन. ऑक या कमांडमध्ये पहिली ओळ वगळून प्रत्येक ओळीच्या आधी विभाजक छापता येतो, आणि अखेरीस एक नवपंक्तिचिन्ह. ओळ पहिली आहे की नाही हे ती वाचताच कळते. शेवटची आहे की नाही हे पुढे वाचल्यावाचून कळत नाही. म्हणून विभाजक ओळीनंतर ठेवण्यापेक्षा ओळीआधी ठेवणे सुकर. येथे विभाजकाच्या लांबीवरही बंधन नाही.

एक्सआर्ग्जने ओळी गोळा करून मोकळ्या जागांचे स्वल्पविराम करणे हा चौथा प्रकार मानू नये. ती कमांड ओळी नव्हे, शब्द मोजते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, मनमाड या तीन ओळींतून ती चार पदे काढते.

आता पदांच्या अंतरंगाचा विचार. विंडोजवरील फाइलीत नवपंक्तिचिन्हाआधी आणखी एक अदृश्य चिन्ह असते; जोडणीनंतर ते उरते, कर्सर ओळीच्या आरंभी परततो आणि पडद्यावर नावे एकमेकांवर लिहिली जातात. ते टीआरने आधीच काढावे. ‘सातपूर, नाशिक’ अशा पदात मूळचाच स्वल्पविराम असतो. आरएफसी ४१८० (२००५) नुसार असे पद दुहेरी अवतरणात ठेवावे. हे अवतरण जोडणीपूर्वी, ओळीओळीवर करावे लागते. जोडणीनंतर पदातला स्वल्पविराम कोणता आणि पदांमधला कोणता, हे कोणत्याही कमांडला ओळखता येत नाही.