स्वतःचे घर : बांधणी आणि देखभाल

बहुतेक कुटुंबे आयुष्यात एकदाच घर बांधतात. त्यामुळे पहिल्या वेळी झालेली चूक दुसऱ्या वेळी सुधारण्याची सोय येथे क्वचितच मिळते. घराचा रंग, फरशी, दारे-खिडक्या यांची निवड घरमालक बारकाईने करतो. मात्र घर किती वर्षे टिकेल आणि संकटात उभे राहील की नाही, हे ठरवणारे भाग वेगळेच असतात. पाया, काँक्रीटमधील सळई, भिंतीचे कोपरे आणि गच्चीवरील जलरोधक थर हे ते भाग होत. काम पुढे सरकताच ते झाकले जातात. ते झाकले जाण्यापूर्वी पाहून घेणे आणि नंतर पाण्यापासून जपणे, या दोन गोष्टींवर घराची मजबुती अवलंबून असते.

किल्लारी आणि कच्छचे धडे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. तेथील पारंपरिक घरांच्या भिंती जाडजूड दगडी होत्या. पण बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन थर रचून मधली जागा लहान दगड व मातीने भरलेली असे. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच हे थर एकमेकांपासून सुटले आणि वरचे मातीचे जड धाबे खाली आले. भिंत जाड होती, पण एकसंध नव्हती.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने दुसरी बाजू दाखवली. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या मजल्यांवर भिंती आणि खाली केवळ खांब, अशा रचनेत सारा ताण तळमजल्याच्या खांबांवर येतो. सिमेंट आणि लोखंड वापरले म्हणजे घर आपोआप सुरक्षित होते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

१९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात घेण्यात आला. म्हणूनच ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ या भरवशावर घर बांधू नये.

जमीन आणि पाया

पाया किती खोल घ्यावा याचे उत्तर शेजाऱ्याच्या घरात नसते, ते आपल्या जमिनीत असते. आराखडा करण्यापूर्वी किमान दोन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन माती पाहावी. खडक किंवा घट्ट मुरूम लागल्यास काम सोपे होते. भराव टाकलेल्या जागेवर भरावाखालच्या मूळ जमिनीपर्यंत जाणे आवश्यक असते.

सर्वाधिक फसवणारी जमीन म्हणजे काळी माती. मराठवाडा, विदर्भ, माळवा, गुजरातचा बराच भाग, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणात ती आढळते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास घर दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि भिंतींना तिरपे तडे जातात. साधारण साडेतीन मीटर खोलीनंतर मातीची ही हालचाल नगण्य होते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांचा पाया विकसित केला. या खुंट्या स्थिर थरापर्यंत नेऊन वर जोत्याच्या तुळईने जोडल्या जातात. तुळई आणि माती यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली जाते, म्हणजे फुगलेली माती तुळईला वर ढकलत नाही.

जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ से.मी. उंच असावे. जोत्यावर ओलरोधक थर द्यावा आणि वाळवी प्रतिबंधक औषधाची फवारणी पाया भरतानाच करून घ्यावी. हे काम नंतर करायचे झाल्यास फरशीला भोके पाडावी लागतात.

भिंती : जाडीपेक्षा बांधणी महत्त्वाची

भूकंपात भिंती कोपऱ्यांत सुटतात आणि बाहेरच्या बाजूला पडतात. त्यांना पेटीप्रमाणे एकत्र धरून ठेवण्यासाठी जोते, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर सळईयुक्त काँक्रीटचे सलग पट्टे द्यावेत. यांपैकी लिंटेलचा पट्टा विशेष महत्त्वाचा आहे. तो केवळ दारा-खिडकीवर न थांबता सर्व भिंतींवरून फिरला पाहिजे आणि कोपऱ्यात त्याच्या सळया वळवून एकमेकींत गुंतवल्या पाहिजेत. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून शक्यतो दोन फूट दूर ठेवाव्यात.

दगडी भिंतीत प्रत्येक ६० से.मी. उंचीला आणि आडव्या दिशेने जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड बसवावा. एवढा लांब दगड मिळत नसेल, तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. विटा वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवाव्यात. कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. कोकण आणि गोव्यातील जांभा दगड खाणीतून काढल्यावर हवेत राहून कठीण होतो. त्यामुळे ताजा चिरा लगेच भिंतीत न घालता काही काळ उघड्यावर ठेवावा.

काँक्रीट : पाण्याचे माप

काँक्रीट बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जास्तीचे पाणी. मिश्रण सैल असले की ते पसरवणे सोपे जाते, म्हणून कामगार पाणी वाढवतात. हे जादा पाणी उडून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात. १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी या प्रमाणाच्या एम-२० काँक्रीटसाठी ५० किलोच्या एका पोत्यामागे पाणी ३० लिटरपेक्षा अधिक नसावे. वाळू ओली असेल तर त्यातूनही कमी करावे. पाणी बादलीच्या मापानेच घालावे. काँक्रीट कालवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओतून व्हायब्रेटरने दाबून घ्यावे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी मिसळू नये.

वाळूतील गाळ तपासण्याची सोपी रीत अशी : पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू आणि वर मीठ टाकलेले पाणी घ्यावे, चांगले हलवून तीन तास स्थिर ठेवावे. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असल्यास वाळू धुवून घ्यावी. सिमेंट शक्यतो ताजे आणावे. तीन महिने साठवलेल्या सिमेंटची ताकद सुमारे एक पंचमांशाने घटते. सळईचे वजन ताडून पाहण्यासाठी व्यासाच्या (मि.मी.मध्ये) वर्गाला १६२ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे एक मीटर सळईचे किलोतील वजन. त्यानुसार १२ मि.मी.ची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते.

सळईवर काँक्रीटचे आवरण पुरेसे नसल्यास ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. सर्वसाधारण हवामानात स्लॅबला २० मि.मी., खांबाला ४० मि.मी. आणि पायाला ५० मि.मी. आवरण लागते. त्यासाठी दगडाचे तुकडे न वापरता ठरावीक मापाचे कव्हर ब्लॉक वापरावेत. समुद्रकिनाऱ्यावर खारी हवा असल्याने आवरण वाढवावे लागते आणि काँक्रीटही वरच्या प्रतीचे, सामान्यतः एम-३०, घ्यावे लागते. समुद्राचे किंवा मचूळ पाणी काँक्रीटसाठी वापरू नये. खांबांच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली असावीत. काटकोनात वळवलेली टोके भूकंपाच्या हादऱ्यात उघडतात.

पाणी मारणे आणि सेंट्रिंग

काँक्रीट वाळून कठीण होत नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते. म्हणून ते ओले ठेवणे हा बांधकामाचाच भाग आहे. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि सध्या सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी द्यावे. कडक उन्हाळ्यात १४ दिवस दिलेले उत्तम. स्लॅबवर मसाल्याचे लहान बांध घालून पाणी साठवावे, खांबांना गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवल्याने खांब ओला राहत नाही, फक्त भिजून पुन्हा वाळतो.

साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालील १४ दिवस ठेवावेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला १४ आणि त्यापुढे २१ दिवस द्यावेत. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरत असल्याने याहून अधिक अवधी लागतो; तो अभियंत्याकडून ठरवून घ्यावा. सेंट्रिंगचे भाडे वाचवण्यासाठी घाई करू नये.

घरमालकाने हजर राहण्याचे दिवस

रोज बांधकामावर जाणे सर्वांना शक्य नसते. पुढील पाच प्रसंगी मात्र स्वतः उपस्थित राहावे आणि अभियंत्यालाही बोलवावे :

१. पायाचे खोदकाम पूर्ण झाल्यावर, भरणी सुरू होण्यापूर्वी.
२. प्रत्येक टप्प्यात सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी.
३. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी, विशेषतः पाण्याचे माप पाहण्यासाठी.
४. भिंतीतील नळ आणि विजेच्या नळ्या गिलाव्याने झाकण्यापूर्वी. नळांत दाबाने पाणी सोडून गळती पाहावी.
५. गच्ची व न्हाणीघराचा जलरोधक थर झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी. तेथे पाणी साठवून ठेवून खालून ओल तपासावी.

या प्रत्येक वेळी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. नकाशे, मंजुरीची कागदपत्रे आणि छायाचित्रे एकत्र ठेवल्यास दहा वर्षांनी भिंतीत खिळा ठोकतानाही त्यांचा उपयोग होतो. पुढे मजला चढवण्याचा विचार असेल, तर ते आराखड्याच्या वेळीच अभियंत्याला सांगावे. हजार लिटर पाण्याची टाकी गच्चीवर एक टन भार टाकते. तिची जागाही खांबांच्या अनुरोधाने आधीच ठरवावी.

वर्षाची देखभाल

घराचा रोजचा शत्रू पाणी आहे. मे महिन्यात गच्ची झाडून पाणी वाहून नेणारे नळ मोकळे करावेत. कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यावरील वाटा तडकला असल्यास दुरुस्त करावा. कौलारू घराची शाकारणी पावसापूर्वी उरकावी. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. घराभोवती साधारण एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी ठेवल्यास पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. काळ्या मातीत हा उपाय अत्यावश्यक समजावा.

पावसाळा संपल्यावर ओलीच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवाव्यात आणि गळतीचे मूळ शोधूनच रंग द्यावा. नुसत्या रंगाने ओल थांबत नाही. पाण्याची टाकी सहा महिन्यांनी धुवावी. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक कळ बसवावी आणि तिचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तडे कसे ओळखावेत

गिलाव्यावरील जाळीसारखे बारीक तडे बहुधा निरुपद्रवी असतात. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीवर आडवा तडा दिसल्यास तो उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याचा असू शकतो. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखा तिरपा जाणारा तडा पाया खचल्याची सूचना देतो. खांबात किंवा तुळईत सळईच्या रेषेने गेलेला तडा आणि त्याभोवती तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजत आहे.

तडा वाढतो की स्थिर आहे, हे पाहण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांशी खूण करून तारीख लिहावी आणि रुंदी पावसाळ्यात व उन्हाळ्यात मोजावी. वाढणारा तिरपा तडा आणि गंजाचे डाग या दोन्ही बाबतींत वरून सिमेंट न लिंपता संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जुने दगडी घर पाडणे हाच एकमेव मार्ग नसतो. भिंतीतील मोजके दगड काळजीपूर्वक काढून आरपार भोक करता येते, त्यात आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरता येते. लिंटेलच्या वर दोन्ही बाजूंनी जाळी व सिमेंटचा पट्टा फिरवता येतो. छतावरील मातीचा जादा थर उतरवल्यानेही भार घटतो. या कामास नव्या घराच्या तुलनेत फारच कमी खर्च येतो. मात्र भिंतीला आधार देऊन, एका वेळी थोडेच काम करत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली ते करावे.